पुंजाराम मास्तरांचं मुडपलेलं बोट

पुंजाराम मास्तर अमरावतीत वीस-बावीस वर्षं इंग्रजी शिकवत होते, पण भविष्यकाळाचा धडा म्हटला की गडी गारठायचा. भूतकाळ विचारा, झोपेत सांगतील. पुढचे बेत कसे सांगायचे ते पान निघालं, की पोरांकडे पाठ करून फळ्यावर तीन वाक्यं लिहायची आणि पान उलटायचं. कोणाला उभं करणं नाही. बोट दाखवणं तर नाहीच नाही.

मास्तर वलगावच्या माळ्याचे. कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवलं तर ते सडतं, दाखवायचंच तर बोट मुडपून दाखवावं, हे माळ्याच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. इंग्रजी शिकून मास्तर तेवढं विसरले. मानमोडीच्या तापाने घरोघरी माणसं मेली, त्या साली त्यांनी भर वर्गात बोट रोखून एकेकाला विचारलं, तू पुढे काय करणार? शेवटी उठला त्यांचाच मुलगा, सहदेव. काकाने त्याला अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात चिकटवायचं ठरवलं होतं. "आय ॲम गोइंग टू अकोला ऑन मंडे," तो म्हणाला. तेवढ्यात घंटा झाली. मास्तर पुस्तकं उचलून निघाले, आणि पोरगं उभंच राहिलं. 'बस' म्हटल्याशिवाय त्या वर्गात बसायची कोणाची प्राज्ञा नव्हती, पोटच्या पोराचीही नाही. दारातून मास्तरांनी वळून पाहिलं, तर तो हसत होता.

सोमवार काही त्याने पाहिला नाही, त्याआधीच तापाने त्याला नेलं. मास्तरांची आई, मनकर्णा, रडलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "कोवळ्या फळाले बोट दाखवलं तू, पुंजा." त्या एका वाक्याने मास्तर जन्माचे खचले.

मग दरसाल तो धडा निघाला की मागच्या कोपऱ्यातून उत्तर यायचं. तेच वाक्य, तोच आवाज, तोही भरदुपारी. पोरांना काही ऐकू यायचं नाही. मास्तरांच्या हातातला खडू तेवढा मोडायचा.

अशी पाच वर्षं गेली. सहदेवाच्या पाठची शकुन आता सोळाची झाली होती. तिला अकोल्याला जाऊन मास्तरीण व्हायचं होतं. गेल्या साली तिथल्या प्रवेशाच्या तोंडी परीक्षेत मडमेने इंग्रजीतून विचारलं, पुढे काय करणार? पोरगी खांबासारखी उभी राहिली. बापाने हा प्रश्न तिला कधी विचारलाच नव्हता, तर उत्तर कुठून येणार? यंदाची शेवटची खेप. नापास झाली तर चैत्रात हात पिवळे करायचे, असं आजीने बजावून ठेवलं होतं.

परीक्षेला निघायच्या आदल्या सकाळी शकुन ओसरीवर पाटी घेऊन बसली. मास्तरांनी माळ्याच्या रीतीने समजावलं. आत्ता मनात आलं, वांगी लावीन, तिथे 'विल'. वाफे करून ठेवलेत, तर 'गोइंग टू'. आणि माल गाडीत भरलाय, बाजाराचा वार ठरलाय, तिथे तिसरी रीत, चालू वर्तमानकाळाची, सहदेवाने वापरली ती. शकुनला सगळं कळलं. पण स्वतःचं वाक्य काही ओठांवर येईना. तुम्ही मला विचारा, मग येईल, असं ती दोनदा म्हणाली. मास्तर मूठ मांडीखाली दाबून बसले.

"बाबा," शेवटी ती म्हणाली, "बोट दाखवलं तं मी मरीन म्हनता. अन् नाही दाखवलं, तं मी जगून तरी कायले राहिली?"

मास्तरांनी हात मांडीखालून काढला. मूठ सुटली. बोट त्यांनी सरळ केलं आणि विचारलं, तू पुढे काय करणार? शकुन ताडकन उभी राहिली.

"आय ॲम गोइंग टू अकोला टुमॉरो."

तिच्या आवाजात मिसळून ओसरीच्या कोपऱ्यातून दुसराही आवाज आला, 'ऑन मंडे' म्हणणारा. पण आज त्यांनी पहिल्यांदाच तिकडे मान वळवली. कोपऱ्यात पाण्याचा माठ होता, बाकी कोणी नाही.

"बस, बेटा," ते म्हणाले. शकुन बसली. मास्तर मात्र अजून कोपऱ्याकडेच पाहत होते.

"तू बी बस, सहदेव. लय वेळ उभं ठेवलं तुले."

पुढच्या साली तोच धडा निघाला, तेव्हा शकुन अकोल्यात शिकत होती. मास्तरांनी बोट सरळ करून वर्गातल्या एकेकाला विचारलं, आठवणीने एकेकाला बसवलं. मग खडू हातात धरून कोपऱ्याकडे कान लावून उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. कोपऱ्यातून काहीच आलं नाही, सहदेव खरंच बसला होता, आणि मास्तरांना भर वर्गात रडू कोसळलं.