सातशे दोनची परीक्षा आणि आमचा साउंडबार

इंटरकॉम वाजला की आमच्या घरात मीच उठते. ह्यांच्या मते तो वाजतच नाही, मलाच भास होतात. त्या दिवशीही मीच उठले. खालून वॉचमनकाका बोलत होते.

"वहिनी, माफ करा हं. तुमच्या खालच्या सातशे दोनमधून निरोप आहे. जरा ते... आवाजाचं. त्यांची मुलगी यंदा कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेला बसतेय ना."

"हो हो, चुकलंच आमचं. टीव्ही लगेच कमी करते."

"म्हणजे तसं नाही... बरं, असू द्या. बघा जरा."

आमच्या इमारतीत खालच्या घराने वरच्याची बेल वाजवायची नसते आणि वरच्याने खाली जाऊन जाब विचारायचा नसतो. जे काय असेल ते वॉचमनकाकांमार्फत. ते बिचारे दोन्हीकडचं बोलणं साखरेत घोळवून पोचवतात. त्यामुळे भांडणं होत नाहीत, पण नेमकं काय झालंय तेही कुणाला कळत नाही.

मी टीव्ही कमी केला. लगेच सोफ्यावरून आवाज आला, "अगं, बंद कशाला केलास?"

"बंद नाही, कमी केला! सातशे दोनची तक्रार आलीय!"

"काय आलंय?"

"तक्रार!"

"मग त्या टीव्हीला सांग," हे म्हणाले. "शेवाळाच्या पापडाएवढा पातळ टीव्ही, आणि त्याचे स्पीकर पाठीला. भिंतीशी बोलतो तो, माणसांशी नाही. मी सांगतो तुला, साउंडबार घेतल्याशिवाय यातून सुटका नाही."

नाचता येईना, अंगण वाकडं. पण हे मी मनातल्या मनात म्हटलं, कारण आमच्या ह्यांना, म्हणजे प्यो गिलसॉप यांना, आवाजाबद्दल काही सांगायची सोय नाही. बुचॉन स्टेशनसमोर बावीस वर्षं यांचं नोरेबांग, म्हणजे गाणी म्हणायचं दुकान, होतं. नऊ खोल्या, प्रत्येकीत एक पडदा, दोन माईक आणि घसा फाडून गाणारी गिऱ्हाईकं. गल्ल्यावर बसल्या बसल्या हे सांगायचे, 'पाच नंबरचा डावा स्पीकर बिघडलाय बघ.' आणि खरंच तो बिघडलेला असायचा. असल्या माणसाला 'तुम्हाला ऐकू येत नाही' असं म्हणणार कोण? मी एकदा नुसतं 'टीव्ही जरा मोठा नाही का' एवढंच म्हणून पाहिलं होतं. ताटावरून उठून गेले आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

म्हणून मी गप्प राहिले. भाताचा कुकर 'भात शिजला, हलवून घ्या' असं मंजुळ आवाजात सांगतो, तर हे म्हणायचे, "आपला कुकर आताशा बोलत नाही, दुरुस्तीला टाक." कपड्यांचं मशीन धुणं झाल्यावर गाणं म्हणतं, तेही यांच्या लेखी मुकं झालं होतं. या सगळ्यावर माझी काही तक्रार नव्हती. पण दर शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं सिनेमा बघतो. लग्न झाल्यापासूनचा नेम आहे. आता मात्र अर्ध्यातच हे "काय रटाळ सिनेमा" म्हणून उठून जायचे, आणि उरलेला सिनेमा मी एकटी बघायची. सिनेमा रटाळ नसायचा. मला त्याचं वाईट वाटायचं, फार वाईट वाटायचं.

साउंडबारने हे शेवटपर्यंत बसणार असतील, तर साउंडबार का होईना, असा विचार मी केला. त्याने भागलं तर मला ते अवघड वाक्य बोलावंच लागणार नव्हतं.

दुकानात गेलो आणि माझं डोकं गरगरायला लागलं. एका भिंतीवर ओळीने काळ्या पट्ट्या मांडलेल्या. सगळ्या सारख्याच, पण प्रत्येकीचा आकडा वेगळा. दोन पॉइंट एक. तीन पॉइंट एक. पाच पॉइंट एक पॉइंट दोन. मला आधी वाटलं, परीक्षेतले गुण असतील.

"घर केवढं, किती प्योंगचं?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"सोळा."

"मग दोन पॉइंट एक पुरे. पण बोलणं स्पष्ट हवं असेल तर तीनवाला बघा, त्यात मधला स्पीकर असतो. वूफर हवा का?"

"वूफर म्हणजे?"

"हा डबा. खाली जमिनीवर ठेवायचा. ढुम्म करतो."

"जमिनीवर?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "खालच्या घरात परीक्षेचं मूल आहे का?"

"आहे."

"मग वूफर विसरा," त्या हलकेच म्हणाल्या.

तेवढ्यात देजॉनहून आमच्या लेकीचा, दाबिनचा फोन आला. "आई, बोलण्यासाठी तीनवालाच घे." मागून जावयांचा आवाज, "पाचवाला सांग, पाचवाला! वरती छताकडे आवाज फेकतो तो!" मी म्हटलं, "छताच्या वर नऊशे दोनवाले राहतात, त्यांच्याशी कशाला वैर घेऊ?" मग तार कुठली हा नवाच घोळ. टीव्हीच्या पाठीला कुठलं भोक आहे, म्हणे. आता टीव्हीच्या पाठीकडे मी कधी पाहिलंय? रात्रीचा वेगळा आवाज, सिनेमाचा वेगळा, बातम्यांचा वेगळा. मला लोणच्याच्या दुकानात मुळ्याचे प्रकार विचारा, मी डोळे मिटून सांगेन. इथे मी नुसती मान हलवत होते.

हे मात्र हात मागे बांधून ऐटीत उभे. "ऐकवा," म्हणाले.

बाईंनी तीनवाला लावला आणि बोलणं स्पष्ट करायचं बटण दाबलं. पडद्यावर एक मुलगी आजारी आईच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती. पुटपुटणं इतकं स्वच्छ ऐकू आलं की माझ्या अंगावर काटा आला. मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"टीव्हीसारखाच तर आहे," हे म्हणाले. "काही फरक नाही."

दुकानातल्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी साउंडबारकडे बघायला लागले.

मग हे स्वतःच वूफरवाल्याकडे गेले. तो लावताच दुकानातलं कपाट थरथरलं. ह्यांचा चेहरा एकदम उजळला. तळहात फळीवर टेकवून उभे राहिले आणि म्हणाले, "हा! याला म्हणतात आवाज! हाच घ्यायचा."

"अहो, सातशे दोन!"

"काय?"

"सातशे दोन!" मी ओरडले. दुकानभर लोक वळून बघायला लागले.

"परीक्षा होईपर्यंत खोकं उघडायचं नाही," हे म्हणाले. "त्या पोरीचं नुकसान मला नकोय. माणूस आहे मी." आणि वूफरवाला घरी आला. मी तो बाल्कनीत ठेवला आणि त्याच्यावर लसणाच्या माळा टाकल्या. बरोबर केलं की चूक, मला काहीच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनीच टूम काढली. "सातशे दोनला जाऊन सांगून येऊ. त्यांना बरं वाटेल." एरवी दारात जायचं नसतं, पण परीक्षेच्या दिवसांत चिकट तांदळाचे मऊ गोळे घेऊन गेलं की चालतं. ते खाल्ले की मूल कॉलेजला चिकटतं, सुटत नाही. मी चांगल्या दुकानातून डबा आणला.

सोयुलच्या आईने, म्हणजे सातशे दोनवालीने, दार उघडलं आणि डबा बघून तिला भरून आलं. आत बसवलं, चहा दिला, पर्सिमन फळाच्या फोडी कापल्या. आतल्या खोलीतून इंग्रजीचा आवाज येत होता. एक बाई काहीतरी विचारत होती, एक पुरुष उत्तर देत होता.

"माफ करा हं, केवढा आवाज चाललाय," सोयुलची आई म्हणाली. "इंग्रजी ऐकायचा पेपर असतो ना, त्याची तयारी करतेय."

ह्यांनी फोड तोंडात टाकली. "आवाज? छे! किती शांत आहे हो तुमच्याकडे! मी हिला हेच सांगत असतो, घर कसं शांत पाहिजे."

सोयुलची आई हसली. मग तिच्या लक्षात आलं की हे थट्टा करत नाहीयेत. तिचं हसू तिथेच थांबलं. आत ती बाई इंग्रजीत विचारतच होती.

मी घाईघाईने म्हटलं, "आम्ही साउंडबार घेतलाय, पण परीक्षा होईपर्यंत लावणार नाही. आणि टीव्हीसुद्धा आता अगदी बारीक ठेवतो."

"टीव्ही?" ती गोंधळली. "टीव्हीचा कुठे त्रास आहे? तो आम्हाला फारसा ऐकूच येत नाही."

"मग वॉचमनकाका..."

ती चहाच्या कपात बघायला लागली. तेवढ्यात सोयुल बाहेर आली. अभ्यासाने डोळे सुजलेले. तिने एक गोळा उचलला आणि म्हणाली, "टीव्ही नाही, मावशी. तुम्ही."

"मी?"

"'दाबिनचे बाबा, जेवायला या!' 'दाबिनचे बाबा, गोळी घेतलीत का!' 'दाबिनचे बाबा, बाथरूमचा दिवा!' तुमच्याकडे रोज काय शिजतं ते मला पाठ आहे. परवा बांगड्याचं कालवण होतं. आणि सराव परीक्षेच्या दिवशी सकाळी तुम्ही 'शेवाळाचं सूप गार होतंय!' म्हणून ओरडलात."

"सोयुल!" तिची आई म्हणाली.

माझं तोंड भाजल्यासारखं झालं. परीक्षेच्या दिवशी शेवाळाच्या सुपाचं नावसुद्धा कुणी काढत नाही, बुळबुळीत म्हणून. घसरते ना पोर! आणि मी ते अख्ख्या इमारतीला ऐकवलं होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, असं म्हणतात. माझं मुसळ घशात होतं.

"काय म्हणतेय ती?" ह्यांनी मला विचारलं.

आणि सवयीने, तिथेच, त्यांच्या दिवाणखान्यात मी ओरडले, "ती म्हणतेय, मी ओरडते!"

सोयुल फस्सकन हसली. तिची आई हसली नाही. हे सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहिले. मग उठले आणि सोयुलच्या खोलीच्या दाराशी गेले. टेबलावर एक चिमुकला स्पीकर होता, त्याचा दिवा लुकलुकत होता. हे वाकले. कान जवळ नेला. मग दुकानातल्यासारखा तळहात त्याच्यावर ठेवला आणि तसेच उभे राहिले.

परत आले ते एवढंच म्हणाले, "चला."

घरी आल्यावर हे बाल्कनीत त्या खोक्यापाशी स्टूल घेऊन बसले. मी शेजारी उभी राहिले.

"चालू होता तो?"

मी मान डोलावली.

"काय म्हणत होता?"

"मला कुठे इंग्रजी येतं?" मी त्यांच्या कानाशी वाकले. "बाई काहीतरी विचारत होती. माणूस उत्तर देत होता."

"तेवढं तरी बरं," हे म्हणाले. बराच वेळ लसणाची सालं काढत बसले. "कधीपासून?"

"नोरेबांग बंद करायच्या आधीपासून."

"म्हणजे मी ते सगळे माईक बदलले तेव्हा..." ह्यांनी हातातली पाकळी खाली ठेवली. "गिऱ्हाईकं म्हणायची, काका, माईक चांगले आहेत. मी त्यांना म्हणायचो, तुम्हाला काय कळतंय?" मग माझ्याकडे वळले. "तू का नाही सांगितलंस?"

मला रडू आलं. "जेवा म्हणून ओरडले, गोळी घ्या म्हणून ओरडले. हे तेवढं हळू सांगायचं होतं हो. आणि हळू बोललेलं तुम्हाला ऐकू येत नव्हतं."

त्या आठवड्यातच आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथून यंत्रांच्या दुकानात. काचेखाली शेंगदाण्याएवढी यंत्रं मांडलेली. दुकानदार म्हणाला, "हे आठ चॅनलचं, हे सोळाचं, हे बत्तीसचं. हे चार्जिंगचं, हे सेलचं. गर्दीतला आवाज वेगळा करायचा असेल तर..."

मी कपाळावर हात मारला. पुन्हा तेच!

हे गंभीरपणे म्हणाले, "यात वूफर आहे का?" दुकानदाराला कळेना हसावं की नाही. मी मात्र हसले, आणि ते बघून हेही हसले.

सोळावालं घेतलं. घरी आल्याबरोबर कुकर बोलला, "भात शिजला, हलवून घ्या," आणि हे दचकून उभे राहिले. "घरात कोण बाई आलीय?"

शनिवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. हे टीव्हीसमोर. सातशे दोनची परीक्षा अजून व्हायची होती, म्हणून खोकं तसंच बाल्कनीत होतं.

"बघ," हे तिथून म्हणाले, "टीव्हीचा आवाज खरोखरच भिकार आहे. मी म्हणत नव्हतो? ते ढुम्मवालं बदलून आणू. तो तीनवाला घेऊ, बोलण्याचा. दुकानातल्या पडद्यावरच्या त्या मुलीने आईला काय सांगितलं, ते ऐकायचंय मला."

मी वाडगे भरले, चमचे ठेवले आणि वळले. "दाबिनचे बाबा! सूप गार होतंय!"

ह्यांनी दोन्ही कान झाकले. मग ओठांवर बोट ठेवून जमिनीकडे खूण केली.

"अगं, हळू! खाली पोरगी अभ्यास करतेय."

मी गॅस बंद केला. तिथेच उभी राहून, दाबिन पाळण्यात झोपलेली असायची तेव्हा बोलायचे तेवढ्याच आवाजात म्हटलं, "जेवायला या."

"आलो," हे म्हणाले.