काचेवरचा लाल्या

मी एक जुना स्कॅनर आहे, मित्रांनो. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते माझ्या पोटाखालच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं. ती केव्हाच निघून गेली. माझी उमेदीची वर्षं मात्र पुसदला गेली, घनश्यामभाऊंच्या डीटीपीच्या दुकानात.

सुरुवातीला माझ्या काचेवर मार्कशीट नि नवरदेवांचे फोटो यायचे. मग दीपा कामाला लागली आणि झाडांची पानं येऊ लागली. पानाच्या पाठीला शाई लावून ती कागदावर दाबायची. शीर न् शीर उमटली की तो कागद माझ्यावर ठेवायची, आणि मग कॉम्प्युटरवर भोवती अक्षरं मांडायची. पळसाच्या पानाची लग्नपत्रिका! घनश्यामभाऊ आधी हसले. गिऱ्हाइकं वाढली तशी माझी काच ते स्वतः पुसू लागले. मीही थोडा फुगलोच.

अशात एका कृषी केंद्राच्या कॅलेंडरचं काम मिळालं. बारा महिने, बारा झाडांची पानं, आणि खाली दीपाचं नाव पहिल्यांदाच छापून येणार होतं. तिने घरच्या वावरातून कपाशीचं पान आणलं. लालभडक, शिरा तेवढ्या हिरव्या. इतकं देखणं पान मी पाहिलं नव्हतं. केंद्राचे मालकही खूश झाले.

नमुना पाहायला दीपाची आई प्रभावतीबाई आल्या आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हा तं लाल्या हाय, पोरी. अख्खी कपाशी वाळवली यानं. अन् तू याले सजवून राह्यली?"

दीपाला हा रोग माहीत नव्हता असं नाही. पण रंग दिसला की तिचं भान हरपायचं. माझंही तेच झालं होतं. मला माझ्या उजेडाची लाज वाटली.

"काढून टाकतो, माय," दीपा म्हणाली.

"काढू नोको. खाली नाव लिव त्याचं. कोनी याले फूल समजू नये."

दीपाने ठळक अक्षरांत 'लाल्या' लिहिलं. केंद्राचे मालक भडकले. "मी बियाणं इकतो, रोग कायले छापू? हे नाव काढ, नाई तं तुह्यंबी नाव जाईन."

दीपाने ती अक्षरं काढली नाहीत. कॅलेंडरवर त्या पानाऐवजी पांढऱ्याशुभ्र बोंडांचा फोटो आला आणि तिचं नाव कुठेच आलं नाही. मला फार वाईट वाटलं.

मग तिने ते पान 'लाल्या' या नावासकट जाड कागदावर स्वतःच छापलं. घनश्यामभाऊंनी ते दुकानात लावलं. सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आलेली माणसं त्यापुढे थांबायची, "आमच्याबी वावरात हेच" म्हणायची आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं नाव वाचायची: दीपा प्रभावती.

"माह्यं नाव कायले?" प्रभावतीबाईंनी विचारलं.

"पान तुह्या वावरातलं नाई काय, माय?"

जाता जाता त्या पदराने माझी काच पुसून गेल्या.

आता मी माळ्यावर आहे. काचेवर चरे पडलेत. माझी धूळ झटका अथवा राहू द्या. पण मित्रांनो, एखादी गोष्ट डोळ्यांत भरली, तर ती कागदावर उतरवण्याआधी ती कुणाच्या वावरातली आहे, एवढं विचारत जा.