घरी ठेवलेलं इंजिन

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही एका लहान शिडाच्या बोटीत बसला आहात. सकाळपासून ऊन डोक्यावर आहे, ओठ खारट झालेत, आणि दुपारनंतर वारा असा पडलाय की शीड वाळत घातलेल्या चादरीसारखं लोंबतंय. सुकाणू धरून धरून हात भरून आलाय. तुम्ही म्हणजे एक दहा वर्षांची मुलगी. शेजारी तुमचे आजोबा.

त्या दिवशी तीन बोटी किनाऱ्याकिनाऱ्याने निघाल्या होत्या. एक आजोबांची, एक शिंपीकाकांची, एक डॉक्टरीणबाईंची. दरवर्षी त्या अशा एकत्र जायच्या आणि नियम एकच होता: मागे राहिलेल्या बोटीला टाकून कोणी बंदरात शिरायचं नाही. मागे राहायची ती नेहमी आजोबांचीच. शिंपीकाका म्हणायचे, या कासवाला आपल्या एक दिवस आधी सोडत जा. सगळे हसायचे, आजोबाही हसायचे. पण ते त्यांच्या मनाला लागलं होतं. बोट हलकी व्हावी म्हणून यंदा त्यांनी इंजिनच काढून घरी ठेवलं. हे फक्त नातीला ठाऊक होतं, आणि कुणापाशी बोलायचं नाही असं तिला बजावलेलं होतं.

सकाळी ते खरंच पुढे होते. पण वाराच नसेल तर हलकी बोट काय आणि जड बोट काय.

बंदराच्या खाडीचं तोंड समोर दिसत होतं. ओहोटी लागली होती. तासाभरात तिथलं पाणी इतकं उतरणार होतं की एकही बोट आत जाऊ शकणार नव्हती. मग रात्र बाहेरच, नांगर टाकून, डुलत काढायची. बाकी दोघांची इंजिनं सुरू होती, तरी ते थांबून होते. डॉक्टरीणबाईंना सकाळी दवाखाना उघडायचा होता. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. इंजिन का लावत नाही, असं काकांनी दोनदा ओरडून विचारलं. आजोबा दोनदा म्हणाले, येईल वारा.

तिसऱ्यांदा काकांनी विचारलं नाही. बोट जवळ आणून त्यांनी दोर फेकला. तो नातीच्या पायांशी पडला.

"परत टाक तो," आजोबा हळूच म्हणाले.

"आजोबा, सगळे दमलेत."

"मीही दमलोय गं." लोंबत्या शिडाकडे बघत ते म्हणाले, "वर्षभर ऐकवतील मला."

"ऐकवू देत."

आजोबांनी मान फिरवली.

नात दोर घेऊन पुढे गेली. तिने तो खुंट्याला बांधला, दोन हिसके देऊन पाहिला, आणि म्हणाली, "काका, आमचं इंजिन घरी आहे. सावकाश ओढा." मग ती मागे आली. ओढत नेतानाही बोट सरळ धरावी लागतेच. तिने आजोबांचा हात उचलून सुकाणूवर ठेवला आणि स्वतः शीड उतरवायला गेली.