बाकावरचा आवाज

कोचच्या खोलीत एकच खुर्ची होती आणि तिच्यावर कोच बसायचा. त्यामुळे वाईट बातमी माणसाला नेहमी उभ्यानंच ऐकावी लागायची. शुक्रवारी सकाळी माझा नंबर लागला.

"उद्या मौनी खेळेल," तो म्हणाला. "उद्या आणि पुढच्या शनिवारी. दोन मॅच बघतो. जमलं तर सीझनभर गोलात तोच. नाही जमलं, तर तू आहेसच."

आहेसच म्हणजे काय? माळ्यावरची जुनी छत्री आहे का मी? पण मान डोलावली. इतकी वर्षं या क्लबचा गोलकीपर होतो, तरी हल्ली जिना उतरताना गुडघा कुरकुरतो हे खरं होतं. आणि गेल्या महिन्यात दोन गोल असे खाल्ले होते की माझ्याच बायकोनं टीव्ही बंद केला होता.

"आणि हे बघ," कोच मान खाली घालून म्हणाला, "त्याला जरा ओरडायला शिकव. तुझ्याइतकं कोण शिकवणार?"

म्हणजे जागाही माझी घ्यायची आणि शिकवणीही माझ्याकडूनच. बरं म्हणालो आणि बाहेर पडलो.

मौनी हे त्या पोराचं नाव नव्हे, पण सगळे त्याला तेच म्हणायचे. वय अठरा. क्लबच्या ज्युनिअर टीममधून वर्षभरापूर्वी आमच्यात आला. हात लांबलचक, उडी अशी की बघत राहावं. मी प्रामाणिकपणे सांगतो, त्याच्या वयात मी त्याच्या अर्ध्यानंही नव्हतो. फक्त तोंड उघडायचा नाही. आता गोलकीपरनं तोंड मिटून चालत नाही. उंच बॉल आला की सगळे वर बघत धावत असतात, समोर कोण आहे याचा कुणाला पत्ता नसतो. अख्खं चित्र फक्त कीपरला दिसतं. त्यानं "माझा" म्हणून ओरडायचं आणि बाकीच्यांनी वाट मोकळी करायची. नाहीतर एकाच बॉलवर दोघं आदळतात, किंवा तू घे तू घे करत कुणीच जात नाही.

माझ्यापुढे बचावात इतकी वर्षं कॅप्टन खेळला. धिप्पाड गडी, डोकं दगडाचं. पण माझा "माझा" ऐकला की मागे न बघता खाली वाकायचा. घरात माझं एवढं कुणी ऐकत नाही.

सराव संपल्यावर मौनीला मागे थांबवलं. मैदानावर आम्ही दोघंच होतो.

"ओरड."

"माझा," तो म्हणाला. वर्गात शेजारच्याकडे पेन्सिल मागावी तसं.

"अरे, बॉल घ्यायचाय, उधार नाही मागायचा. मोठ्यानं."

पुन्हा म्हणाला. थोडं बरं. गोलजाळीवर बसलेली चिमणी उडेल इतपत. पण नाही उडाली.

"अडतंय कुठं तुझं?"

तो ग्लोव्हजचा पट्टा काढत-लावत उभा राहिला. "काका, कॅप्टनदादांवर कसं ओरडायचं? मी शाळेत होतो तेव्हापासून त्यांना बघतोय. घरी भिंतीवर फोटो होता त्यांचा."

"आणि माझा?"

तो लाल झाला. "होता ना. दारामागे."

हसू की रडू कळेना. "दारामागच्या माणसाचं ऐक," मी म्हणालो. "मैदानात दादा नाही, काका नाही. आणि मला काका म्हणू नकोस."

"बरं, काका."

घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, कसा आहे पोरगा? मी म्हणालो, चांगला आहे, पण टिकायचा नाही. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. कारण मी ते वाईट वाटून म्हणालो नव्हतो, हे तिला कळलं होतं. दोन मॅच पोराची फजिती झाली की जागा पुन्हा माझी, असा सरळ हिशोब मनात होता आणि तो मला आवडला होता.

शनिवारी मॅचआधी त्याचा वॉर्मअप मीच घेतला. आमच्यात पद्धतच तशी आहे. जो कीपर खेळणार नाही, त्यानं खेळणाऱ्याला तयार करायचं. आधी जमिनीलगत, मग उंच, मग जवळून जोरात. आणि शेवटचे काही बॉल अगदी छातीवर, अलगद द्यायचे, म्हणजे आत जाताना हाताला पकडल्याची सवय असते. हे शेवटचे बॉल वाकडे दिले तर पोरगं आतून हलतं. मी सरळ दिले. त्यात माझा काही मोठेपणा नाही. वॉर्मअप वाईट दिला असं कुणी म्हणालं असतं तर मला झोप लागली नसती.

मॅच सुरू झाली. बाकावर बसलो तर गुडघा आखडतो, म्हणून मी आमच्या गोलामागच्या पट्टीत फेऱ्या मारू लागलो. राखीव खेळाडूंना तिथं पाय मोकळे करायची मुभा असते. थोड्या वेळात डावीकडून उंच बॉल आला. मौनी पुढे सरसावला, तोंडातून शब्द नाही. समोरून कॅप्टन उडी घ्यायला दबला. आता हे दोघं एकमेकांची डोकी फोडणार, एवढंच मला दिसलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा!"

कॅप्टन वाकला. मौनीनं बॉल अलगद छातीशी घेतला. प्रेक्षकांत टाळ्या वाजल्या.

मला मनापासून बरं वाटलं, आणि लगेच स्वतःचा रागही आला. अरे, तुला कुणी सांगितलं होतं? पण पुढचा बॉल आला आणि पुन्हा तेच. मग तिसरा. जिभेला लगाम म्हणून नाही. तिकडे आमच्या पोरांनी एक गोल केला आणि हाफ टाइमला आम्ही एक-शून्यनं पुढे होतो.

ड्रेसिंग रूममध्ये कोच खुशीत होता. त्याचा बाक मैदानाच्या मध्यावर, त्याला एवढंच कळलेलं की आवाज गोलाकडून येतोय. "कालपर्यंत मुका होतास," त्यानं मौनीची पाठ थोपटली, "आज कंठ फुटला की." मौनी बुटांकडे बघत राहिला. कॅप्टन पाणी पीत होता. बाटलीवरून त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा पाणी प्यायला लागला. त्याला सगळं कळलं होतं.

मी तोंडावर पाणी मारायला बेसिनशी गेलो, तर मागोमाग मौनी आला.

"काका, दुसऱ्या हाफात ओरडू नका."

"का रे? उपकार टोचले?"

"तसं नाही." आवाज बारीकच होता, पण नजर खाली नव्हती. "तुम्ही ओरडलात की ते वाकतात. उद्या तुम्ही मागे नसलात तर? ते माझ्या आवाजाला कधीच वाकणार नाहीत."

तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि आवाज आहे कुठं तुझा?"

"काढतो," तो म्हणाला.

काढ बाबा, काढ. मी जाऊन बाकावर बसलो आणि हाताची घडी घातली. मनात म्हटलं, आता आपटेल तोंडावर, मग कळेल. खोटं कशाला बोलू, मी त्या आपटण्याची वाट बघत होतो.

फार वाट बघावी लागली नाही. कॉर्नर आला. मौनी गोल सोडून निघाला आणि ओरडला. आवाज मध्येच फाटला. नव्यानं आरवायला शिकलेल्या कोंबड्यासारखा. माझ्यामागे बसलेली चार माणसं हसली. कॅप्टन वाकला नाही. दोघं हवेत आदळले, खाली पडले, बॉल रेषेकडे घरंगळत गेला आणि आमच्यातल्या कुणीतरी कसाबसा बाहेर मारला.

कॅप्टन उठला, कोपर चोळत मागे वळला आणि त्यानं थेट बाकाकडे बघितलं. माझ्याकडे. कुणाचं ऐकू, असं विचारल्यासारखं.

मी नुसता उभा राहिलो असतो तरी पुरे होतं. नुसते हात पसरले असते, की बघ बाबा, काय करणार, तरी उरलेला सगळा वेळ तो माझ्याच आवाजाकडे कान लावून खेळला असता. पोरगं त्याच दिवशी संपलं असतं. मला ते स्वच्छ दिसत होतं. आणि मौनी गुडघ्यांवर हात ठेवून कॅप्टनच्या पाठीकडे बघत उभा होता, एकटा, एवढ्या मोठ्या गोलात. मी माझ्या पहिल्या मॅचला असाच उभा असेन का? कुणास ठाऊक. पण माझा राग तिथंच उतरला.

मी बोट वर केलं आणि मौनीकडे दाखवलं. त्याचं ऐक.

मग बसलो. कोच म्हणाला, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, माशी होती.

त्यानंतर दोन उंच बॉल आले. पहिल्याला कॅप्टन उशिरा का होईना, बाजूला झाला. आणि अगदी शेवटी, समोरच्यांचा कीपरसुद्धा आमच्या गोलापाशी येऊन उभा राहिला होता तेव्हा, शेवटचा कॉर्नर आला. मी दात घट्ट आवळून धरले. तेवढ्यात गोलातून आवाज आला. जाड नव्हता, माझ्यासारखा तर अजिबातच नव्हता, पण हुकूम होता. कॅप्टन वाकला. मौनी त्याच्या पाठीवरून वर चढला आणि बॉल घेऊन खाली आला, पोटाशी धरून पडून राहिला. शिट्टी वाजली.

मी उडीच मारली, गुडघा विसरून. आणि पाय जमिनीला टेकायच्या आत मला कळलं की कॅप्टननं यावेळी माझ्याकडे बघितलं नव्हतं.

आत सगळीकडे आरडाओरडा, ओले टॉवेल उडत होते. मौनीला पोरांनी शॉवरखाली बुटांसकट ढकललं होतं. मी माझ्या कोपऱ्यात बसून न वापरलेले ग्लोव्हज पिशवीत भरत होतो. कॅप्टन शेजारी येऊन बसला, कोपरावर बर्फ धरून.

"पोरगा मला म्हणाला, ऐकायचं," तो म्हणाला. "ती टक्कर झाली ना, त्यानंतर. मला! शेंबूड पुसता येत नाही अजून."

"मग ऐकलंस की."

"ऐकलं." त्यानं कोपरावरचा बर्फ सरकवला. "शेवटच्या कॉर्नरला मी तुझ्याकडे बघितलं नाही."

"माहितीये."

"आठवलंच नाही रे."

"माहितीये म्हणालो ना."

"वाईट वाटलं?"

"वाटलं," मी म्हणालो. "खूप."

"मलाही," तो म्हणाला.

कोच दारातून आत आला, सगळ्यांना शाबासकी देत आमच्यापर्यंत पोचला. "छान झालं," तो मला म्हणाला. "आता पुढच्या शनिवारी बघू पोरगा काय करतो ते, मग ठरवू."

"बघायचंय काय त्यात?" मी म्हणालो. "गोलात तोच. आजच सांगून टाक त्याला, आठवडाभर झोपेल तरी नीट."

"आणि तू?"

"मी त्याला वॉर्मअप देईन."

हे बोलताना माझा आवाज असा काही झाला की कोच गडबडून दुसरीकडे वळला. मी टॉवेल तोंडावर घेतला. कॅप्टन उठला, बर्फ खाली ठेवला आणि माझ्यासमोर पाय फाकून, माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, पोरांना मी दिसू नये म्हणून. माझं आटपेपर्यंत तो तिथून हलला नाही.