दोन फुल्या नसलेली प्रत

दर दोन-तीन महिन्यांनी वन्सं चार दिवस राहायला यायच्या आणि आल्या की दोघींनी सिनेमाला जायचं, हा नेम पंचेचाळीस वर्षांचा होता. वन्सं म्हणजे वहिनींची नणंद. वयाने दोन वर्षांनी मोठी आणि आवाजाने चौपट मोठी. वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा नव्या नवरीशी काय बोलावं हे न सुचून वन्संनी तिला तिसऱ्याच दिवशी सिनेमाला नेलं होतं. लाकडी खुर्च्या, रीळ तुटलं की होणारा शिट्ट्यांचा गदारोळ, रीळ बदलायच्या आधी पडद्याच्या कोपऱ्यात उमटणारा गोल ठिपका, सगळं वहिनींना अजून लख्ख आठवायचं.

गेल्या दहा वर्षांत मात्र त्यांचे कान दगा देऊ लागले. कानात यंत्र होतं, पण ते भलतंच समदर्शी. नायिकेचं कुजबुजणं आणि शेजारणीचं पॉपकॉर्न, दोन्ही सारख्याच मायेने मोठं करून द्यायचं. मग वहिनींनी पडद्याखाली संवाद छापून येतात असे सिनेमे शोधायला सुरुवात केली. लोक त्याला सबटायटल म्हणतात, वहिनी ‘ओळी’ म्हणायच्या.

आणि इथेच सगळं घोडं अडलं. ओळी कुठल्या सिनेमाला आहेत, हे खात्रीने सांगणारं कोणी नव्हतं. एकदा तिकीटवाल्याने “आहेत” म्हणून सांगितलं. ओळी होत्याही, पण दोन परदेशी हेर हॉटेलात बोलले तेवढी चार मिनिटंच. एकदा मोबाइलवर ओळींची खूण दिसली. ती निघाली दुसऱ्या गावातल्या थिएटरची. तिसऱ्या वेळी तर काहीच आलं नाही. वन्सं वहिनींच्या कानाशी लागून अख्खा सिनेमा सांगत बसल्या आणि वन्संचं कुजबुजणं म्हणजे सभेतलं भाषण. पुढच्या रांगेतला माणूस वळून म्हणाला, “बाई, तिकीट आम्ही त्यांच्या संवादांचं काढलंय, तुमच्या नाही.”

वन्संना ते फार लागलं. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, “वहिनी, आता पुरे झालं. आणखी एकदा बघू. ओळी आल्या तर आल्या, नाही तर यापुढे आपण घरी बसून पत्ते खेळायचे.”

“मला पत्ते आवडत नाहीत, वन्सं.”

“मलाही नाहीत. म्हणूनच सांगतेय, नीट चौकशी कर.”

पुढच्या खेपेला वन्सं शनिवारी यायच्या होत्या, म्हणून वहिनी गुरुवारीच थिएटरच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. चार पडद्यांचं थिएटर, पण खिडकी एकच, तीही जाड काचेची. आत तिकीटवाला. त्याच्या मिशा अशा घनदाट की ओठ वाचायची सोय नाही. वहिनींनी वही-पेन्सिल काचेखालच्या फटीतून आत सरकवली. रविवारी संध्याकाळी लागणाऱ्या विनोदी सिनेमाला ओळी आहेत का, असं त्यावर लिहिलं होतं. त्याने वही न वाचताच मान डोलावली.

वहिनींनी एकतीस वर्षं एका ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी केल्या होत्या. कव्हर बघून नोंद करायची नाही, आतलं पान उघडून बघायचं, हा तिथला पहिला धडा. त्यांनी वहीवर पुढचं वाक्य लिहिलं : तुम्ही स्वतः बघितलंय का?

आता तिकीटवाल्याने वाचलं, हसला आणि खाली लिहिलं : मावशी, मी इथे बसतो. सिनेमा कुठला बघतोय!

मग हो कशाला म्हणालात?

विचारणाऱ्याला हो ऐकायचं असतं.

वहिनींना राग यायला हवा होता, पण उत्तर इतकं प्रामाणिक होतं की हसूच आलं. त्यांनी लिहिलं : मग बघतं कोण?

तिकीटवाल्याने पेन्सिल छताकडे रोखली. वर, ऑपरेटर.

अरुंद जिना चढून वहिनी यंत्रांच्या खोलीत पोचल्या. पंखे घोंघावत होते. ऑपरेटर साठीकडे झुकलेला, चष्मा कपाळावर. उभा जन्म यंत्रांच्या आवाजात गेल्यामुळे तो ओरडूनच बोलायचा. कित्येक दिवसांत एखाद्या परक्या माणसाचा शब्द न् शब्द वहिनींना असा थेट ऐकू आला नव्हता. त्यांना तो तत्काळ आवडला.

“ओळींचं विचारायला आलात? इतक्या वर्षांत जिना चढून आलेल्या पहिल्याच तुम्ही!” तो गरजला. “या, हे बघा.”

त्याने संगणकावर सिनेमाचं नाव दाखवलं. नाव कसलं, मारुतीचं शेपूट! अक्षरं, आकडे, मध्ये रेघा.

“रिळं गेली, आता सिनेमा हार्ड डिस्कच्या डब्यातून येतो. पण डब्यावर त्याची कुंडली लिहिलेली असते. ही पहिली दोन अक्षरं बोलण्याची भाषा. त्यापुढची दोन ओळींची. ओळी नसल्या तर तिथे दोन फुल्या मारतात.”

वहिनी संगणकावर वाकल्या. भाषा, आकार, लांबी, साल, सगळं ठरल्या जागी. हे तर त्यांच्या ग्रंथालयातलं नोंदकार्ड! माहिती सगळी होती. फक्त एक जिना वर राहत होती.

मग त्यांनी रविवारच्या सिनेमाचं नाव बोट ठेवून वाचलं. भाषा, आणि पुढे दोन फुल्या. त्यांचा चेहराच पडला.

“थांबा हो, रडू नका!” ऑपरेटरने खालची ओळ दाखवली. “त्याच सिनेमाची ही दुसरी प्रत. फुल्या नाहीत. कंपनीने पाठवली, पण मॅनेजरसाहेबांनी ती दर मंगळवारी सकाळी सव्वादहाला लावलीय, तीन नंबरला. कुणाला सांगितलंही नाही.”

“कुंडली खोटी निघाली तर?”

“निघते कधी कधी,” तो प्रांजळपणे म्हणाला. “तुम्ही येऊन बसा. मी आधी पाच मिनिटं चालवून बघतो आणि मागच्या झरोक्यातून खूण करतो.”

वन्सं सोमवारी परत जायच्या होत्या. एक दिवस जास्त राहा म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “सकाळी सव्वादहाला सिनेमा? त्या वेळेला लोक तोंडात कवळी बसवत असतात!”

“तुमचं ते ‘आणखी एकदा’ अजून बाकी आहे, वन्सं.”

“बरं. पण दुपारच्या बसने मी जाणार.”

मंगळवारी तीन नंबरात दोघी धरून सात माणसं होती. दिवे चालूच होते. वहिनी मान मागे वळवून झरोक्याकडे बघत बसल्या. काचेमागे ऑपरेटर आला आणि त्याने दोन्ही हात छातीशी आडवे धरून मोठी फुली केली.

वन्संनीही ते बघितलं. त्यांनी पर्स उचलली. “चल वहिनी. कॉफी पिऊ.” आवाज चढलेला नव्हता, आणि वहिनींना तेच जास्त बोचलं. वन्सं चिडल्या नव्हत्या, त्यांनी सोडून दिलं होतं.

“बसा,” वहिनी म्हणाल्या. “त्याने तपासून बघितलंय. नुसतं हो म्हणणारा नाही तो. पाच मिनिटं द्या.”

सव्वादहाचे साडेदहा झाले. मागचा कोणी तरी कुरकुरला. मग दार ढकलून खुद्द ऑपरेटरच आत आला, धापा टाकत. “ऑफिसने सवयीने फुल्यांचीच प्रत यादीत टाकली होती!” त्याने सातही जणांना ओरडून सांगितलं. “बदललीय. बसा!” गेल्या मंगळवारी ओळी न दिसल्याने निराश होऊन गेलेले एक आजोबा उठून टाळ्या वाजवायला लागले.

दिवे गेले. पहिलाच माणूस बोलला आणि त्याच्या पायाशी पिवळी, ठसठशीत ओळ उमटली. वहिनींचा जीव भांड्यात पडला.

ओळींची एक गंमत त्यांना नव्यानेच कळली. ओळ आधी येते, बोलणं मागून. त्यामुळे विनोद आला की वहिनी सगळ्यांच्या आधी हसायच्या.

“अगं, दम धर,” वन्संनी कोपर मारलं. “अजून बोललासुद्धा नाही तो!”

सिनेमा सुटल्यावर दोघी बसच्या थांब्याकडे निघाल्या. रस्ता ओलांडून झाला. मग वन्सं म्हणाल्या, “ती आत्या शेवटी भाच्याला दुकान देते, ते काही पटलं नाही बाई.”

“देते कुठे? ती म्हणते, तू सहा महिने चालवून दाखव, मग बघू.”

“असं कधी म्हणाली?”

“बँड वाजत होता तेव्हा. त्या आवाजात तुम्हाला ऐकू गेलं नसेल. खाली आलं होतं.”

वन्सं थबकल्या. “म्हणजे भाचा जातो तो रागावून जात नाही?”

“छे, चाव्या घेऊन जातो.”

“चाव्या त्या मुलीच्या घराच्या होत्या!”

“दुकानाच्या.”

“वहिनी, मला डोळे आहेत!”

“मग ओळी का नाही वाचल्या?”

दोघी थांब्यावरच्या बाकावर टेकल्या त्याही हमरीतुमरीवर येऊनच. शेजारी बसलेल्या बाई आपली पिशवी घेऊन जरा लांब सरकल्या. किती तरी वर्षांत असं झालं नव्हतं. एकीने सिनेमा बघायचा आणि दुसरीने सोसायचा, यात भांडायला काही उरतच नव्हतं.

दुपारची बस आली. दार उघडलं, कंडक्टरने दोघींकडे बघितलं. वन्संनी त्याला हातानेच पुढे जा म्हणून सांगितलं आणि पर्स मांडीवर नीट ठेवली.

“हं,” त्या म्हणाल्या, “आता ती आत्या अगदी पहिल्यांदा दुकानात येते, तिथपासून सांग.”