टाकीतला सुस्कारा

अख्खा धक्का श्वास रोखून उभा होता. थंडी अशी, की बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघत होती. ओळीने बांधलेल्या नावांपैकी एकाही नावेची मोटर सुरू व्हायला तयार नव्हती. सगळ्या जुन्या, नावेच्या मागे लटकवलेल्या, दोरी ओढून सुरू करायच्या मोटरी. दोऱ्या ओढून ओढून नाववाल्यांचे खांदे निखळायची वेळ आली होती. तेवढ्यात गर्दीने वाट करून दिली आणि हातवाले बाबा आले.

"यंत्रालाही प्राण असतो, बाळांनो!" बाबांनी सूर लावला. "थंडीत तो गोठतो. पण ह्या तळहातातून ब्रह्मांडाची ऊब वाहते!"

ब्रह्मांडाची ऊब अंगात खेळत असताना महाराजांनी एकावर एक शाली का पांघरल्या होत्या, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. धक्क्यावरच्या सगळ्यात जुन्या नाववाल्याने, तात्यांनी, आपल्या मोटरचं झाकण उघडून हात जोडले. बाबांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि उजवा तळहात मोटरच्या तोंडावर, म्हणजे ती जिथून हवा आत घेते तिथे, घट्ट दाबला. त्यांच्या चेल्याने दोरी ओढली. मोटर गुरगुरली. पुन्हा ओढली. बाबांनी हात उचलला आणि फटफटफट करत निळा धूर उडाला. लोकांनी असा गलका केला, की पाण्यावरचे पक्षी उडाले. तात्या तर बाबांच्या पायांवर आडवेच झाले.

मी मागे उभी राहून दात खात होते. मी शाळेत विज्ञान शिकवते. असल्या बाबांचं मला एरवी हसू येतं. पण ह्या बाबावर मला हसता येत नव्हतं, कारण त्याने माझ्या ताईच्या घराला हात घातला होता.

भावजी मागच्या वर्षी ह्याच पाण्यात बुडाले. त्यांच्यामागे ताई पदर खोचून उभी राहिली, त्यांचीच नाव चालवायला लागली. माणसं पैलतीरावर सोडायची, माणसं आणायची. त्यावर ती आणि माझी भाची जगत होत्या. मग हे महाराज उगवले. त्यांच्या चेल्याने प्रत्येक नावेला 'संरक्षणाचा' काळा दोरा बांधला. इतरांच्या नावेत तो दांड्याला, नाव वळवायच्या. ताईच्या नावेत मात्र पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला. "हा सोडाल तर घरातलं माणूस जाईल," असा वर दमही भरला.

त्या दिवसापासून ताईची नाव भर पाण्यात बंद पडायला लागली. बाबा दुसऱ्या नावेतून तिथे पोचायचे, सगळ्यांना गप्प करायचे आणि टाकीचं झाकण किंचित सैल करायचे. आतून आवाज यायचा. सुस्स्स्स.

"ऐकलंत?" बाबा हलक्या आवाजात म्हणायचे. "हा सुस्कारा कुणाचा? ज्याची नाव, त्याचा! बायकोने दांडा धरला हे त्याला सहन होत नाही."

झाकण सैल झालं की मोटर पुन्हा सुरू व्हायची. लोकांना आणखी काय पाहिजे होतं? ताईच्या नावेत बसायला कुणी धजेना. त्या सकाळी तर तात्यांची मोटर 'जिवंत' केल्यावर बाबांनी गर्दीसमोर निकालच दिला. येत्या रविवारी ताईने नाव बाबांच्या चरणी वाहायची, नाहीतर पुढचा सुस्कारा मुलीला घेऊन जाईल. ताईने मान डोलावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"शंकेखोर डोकं आहे हिचं," मला पाहून बाबा म्हणाले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर आशीर्वादाचा हात ठेवला.

तिथेच ते फसले. मी शाळेत पोचले तर वर्गातल्या मुली नाक धरून म्हणायला लागल्या, "बाई, तुमच्या केसांना पेट्रोलचा वास येतोय." मी केस हुंगले. खरंच येत होता. ब्रह्मांडाच्या उबेला पेट्रोलचा वास कसा काय?

संध्याकाळी धक्का रिकामा झाल्यावर मी ताईला ओढतच नावेत नेलं. मोटरचं झाकण उघडलं. पुढच्या बाजूला एक भोक होतं आणि त्यात चिंधी कोंबलेली.

"हे काय?"

"चोकची खुंटी होती तिथे. सगळ्यांनीच उपटून टाकल्यात. चोक पेट्रोल पितो म्हणे. तात्यांनीच सांगितलेलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. "अगं ताई, थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. म्हणून सुरू करताना हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं. चोक म्हणजे हवेच्या तोंडावरची झडप. ती बंद केली की हवा अडते आणि मोटर पेट्रोल ओढून घेते. झडप तुम्हीच मोडलीत आणि आता त्याच भोकावर हात ठेवणाऱ्याच्या पाया पडताय!"

"म्हणजे?"

मी करूनच दाखवलं. बाबांसारखाच तळहात तोंडावर दाबला. "ओढ दोरी."

ताईने ओढली. पुन्हा ओढली. मी हात काढला आणि मोटर फटफटायला लागली. माझा तळहात ओला झाला होता. मी तो ताईच्या नाकाशी धरला. तिने तो हुंगला, पुन्हा हुंगला. पण तेवढ्यात मोटर धापा टाकत बंद पडली आणि ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

"तो आला," ती पुटपुटली.

"कुणी आलेलं नाही." मी टाकीकडे वळले.

"दोरा सोडू नकोस! पोरीची शपथ आहे तुला!"

"नाही सोडत. नुसता बघते." दोऱ्याच्या वेढ्यांखाली झाकणावर एक बारीक स्क्रू होता. पूर्ण आवळलेला. इतकी वर्षं तो उघडाच असायचा. तो फिरतो, हेही कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. "ताई, पोरगी लहान असताना बाटलीने दूध प्यायची, आठवतं? जोरात ओढलं की रबरी बूच आत चेपायचं आणि दूध यायचं थांबायचं. का? बाटलीत हवा जायला वाट नसायची म्हणून. ही टाकी तशीच आहे. मोटर पेट्रोल ओढते, पण त्या जागी हवा आत जायला पाहिजे. तिची वाट म्हणजे हा स्क्रू. चेल्याने दोरा बांधताना तो बंद केला. आता ऐक."

मी झाकण सैल केलं. सुस्स्स्स.

"बाहेरची हवा आत गेली. बस."

ताई टाकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पुन्हा कर."

मी झाकण घट्ट केलं, मोटर सुरू केली, बंद पडू दिली आणि झाकण सैल केलं. सुस्स्स्स. ती पुन्हा कर म्हणाली. मी पुन्हा केलं. अंधारून येईपर्यंत ती तेच करायला लावत होती. शेवटी ती खाली बसली.

"म्हणजे तो नव्हताच?"

"नाही गं."

"मी ह्या डब्याशी बोलत होते. रोज. माफी मागत होते त्याची." तिचा आवाज फुटला. मी तिला जवळ घेतलं तर तिने मला ढकललं आणि डोळे पुसले. पुढचं बोलताना तिचा आवाज अगदी साधा होता. "पोलिसात नंतर जाऊ. आधी सगळ्यांसमोर ह्याचं नाक कापायचं."

त्या क्षणी मला माझ्या बहिणीचा अभिमान वाटला, लपवून काय करू?

रविवारी सकाळी गाव लोटलं. ताईने टाकी गळ्यापर्यंत भरली होती आणि झाकण हाताने सैल होऊ नये असं पान्याने आवळलं होतं. "भरल्या टाकीने नाव वाहते," ती बाबांना नम्रपणे म्हणाली. भरलेल्या टाकीत हवा कमी असते, त्यामुळे मोटर लवकर गुदमरते. हा हिशेब माझा. नावेच्या बुडाशी लांब दोर बांधून, पाण्याखालून आणून तो धक्क्याच्या खांबाला अडकवायची युक्ती मात्र तिची.

बाबा नावेत चढले. चेला पुढे सरसावून टाकीकडे वाकला. "हा दोरा आता उतरवतो."

"अहो, असं काय करता?" मी ओरडलेच. "दोरा सोडला तर घरातलं माणूस जाईल, असं तुम्हीच म्हणालात ना? माझी भाची आहे इथे!"

"बरोबर आहे!" तात्या गरजले. "दोऱ्याला हात लावू नका, महाराज!" सगळी गर्दी "नको, नको" म्हणायला लागली.

बाबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. स्वतःच बांधलेल्या दोऱ्यात बाबा असे अडकले. करतात काय? हात मोटरच्या तोंडावर ठेवला, मंत्र पुटपुटला, चेल्याने दोरी ओढली आणि नाव निघाली. लोकांनी जयजयकार केला. तो संपायच्या आतच मोटर ठसकली आणि बंद पडली.

आम्ही सगळे बघत होतो. बाबांनी आकाशाकडे हात केले. बाबांनी शाल फिरवली. मोटर ढिम्म. नाव प्रवाहाला लागली, आडवी झाली, आणि बाबांना पोहता येत नसावं, कारण ते चेल्यावर खेकसले, "अरे मूर्खा, स्क्रू खोल, स्क्रू!" पाण्यावरून आवाज किती लांब येतो, हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. चेल्याने दोरा टराटर तोडला, स्क्रू फिरवला. सुस्स्स्स. दोरी ओढल्याबरोबर मोटर सुरू. त्यांनी नाव पैलतीराकडे भरधाव सोडली आणि दोर ताणला जाताच मोटर बंद पडून दोघेही तोंडावर आपटले.

"घरातलं माणूस गेलं का कुणी?" मी गर्दीला विचारलं. माझी भाची माझ्या शेजारी उभी राहून शेंबूड पुसत होती. सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले.

तात्यांनीच दोर ओढून नाव धक्क्याला आणली. पण त्यांचा जीव अजून अडकलेला होता. "स्क्रूचं कळलं, बाई. पण हाताचं काय? आमच्या मोटरी हातानेच सुरू होतात."

ताई उत्तर न देता तात्यांच्या नावेत उतरली. मोटर थंडगार होती. तिने झाकण उघडलं, पायातली रबरी चप्पल काढली, पाण्यात विसळली, झटकून कोरडी केली आणि तिचा तळ मोटरच्या तोंडावर दाबला. दुसऱ्या हाताने दोरी ओढली. पुन्हा ओढली. चप्पल बाजूला घेतली आणि तात्यांची मोटर फटफटली.

"तात्या," मी म्हटलं, "आता पडा पाया. चपलेच्या."

धक्का हसून हसून लोळायला लागला. तात्याही हसले, पण मान खाली घालून. ताई हसली नाही. ती आपल्या नावेत गेली. बाबा कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. तिने मोटर सुरू केली, टाकीवरचा स्क्रू आवळला आणि नुसती उभी राहिली. हसणं हळूहळू थांबलं. मोटर धापा टाकत बंद पडली. ताईने बाबांची मान धरून त्यांचा कान टाकीला लावला आणि स्क्रू सैल केला.

सुस्स्स्स.

"सांग, माझा नवरा काय म्हणाला?"

बाबा मान सोडवायला धडपडले.

"रोज सांगत होतास ना? आज पण सांग."

"हवा आहे, बाई."

"मोठ्याने. मागच्यांना ऐकू आलं नाही."

"हवा आहे! नुसती हवा आहे!" बाबा किंचाळले.

तिने मान सोडली. मग आम्ही दोघांना पोलिसांच्या हवाली केलं. लोक त्यांना बडवायला धावले होते. मी आडवी गेले, दया आली म्हणून नाही. मार खाल्लेला बाबा दुसऱ्या गावात जाऊन हुतात्मा होतो. हवा आहे असं ओरडलेल्या बाबाला कुठल्याच गावात तोंड दाखवता येत नाही. मला तेच पाहिजे होतं.

आता प्रत्येक मोटरला पुन्हा चोक आहे आणि ताईच्या नावेत बसायला रांग लागते. तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. कुणी चमत्कार दाखवायला लागला, की त्याच्या डोळ्यांकडे बघू नका, त्याचा हात कुठे आहे ते बघा. त्या हाताखाली काय झाकलंय, ते विचारा. कुणी शंकेखोर म्हणालं तर म्हणू दे. आणि तुमच्या घरच्या गेलेल्या माणसाच्या नावाने कुणी बोलायला लागला, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. आमच्या ताईने ज्या माफ्या मागितल्या, त्या तिने मागायलाच नको होत्या.