मुक्याची नववी फेरी

मुका गेल्याची बातमी पेपरात आली ती चार ओळींची, आणि त्यातही त्याला मुष्टियुद्धातला ‘वादग्रस्त विजेता’ म्हटलं होतंच. सलूनवाल्याने ती दोनदा वाचली, खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची दाढी पुरी केली आणि शटर ओढून घेतलं.

वस्तऱ्याने कापलं तर रक्त चटकन थांबवायचं कसब त्याच्या हातात होतं, म्हणून व्यायामशाळेच्या उस्तादांनी त्याला सामन्यांच्या वेळी रिंगणाशी, मुक्याच्या कोपऱ्यात उभं केलं होतं. दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट मिळायचं. तेवढ्यात फुटलेली भुवई बंद करायची, तोंडाला पाणी लावायचं. मुका साबणाच्या कारखान्यात खोकी उचलायचा. बोलणं बेताचं, म्हणून नाव पडलं मुका; दिसणं यथातथाच, जिंकल्यावर हात वर करायचाही कंटाळा. लोकांच्या गळ्यातल्या ताईताला त्याने गुणांवर हरवलं तेव्हा प्रेक्षकांनी खुर्च्या आपटल्या. पुढे विजेतेपदाचा पट्टा त्याने तीनदा राखला, तरी ‘नशिबाने जिंकलेला’ हा शिक्का काही पुसला गेला नाही.

रविवारी सकाळी व्यायामशाळेत शोकसभा होती. तीस खुर्च्या मांडल्या होत्या, माणसं आली अकरा. पुढे मुक्याची मुलगी बसली होती. लहान असताना तिचे केस सलूनवालाच कापायचा.

“तुझा तो किस्सा होऊन जाऊ दे,” उस्ताद म्हणाले. “फार सुतकी वाटायला लागलंय.”

तीस वर्षं दुकानात घोळवलेला किस्सा. सलूनवाला उभा राहिला. शेवटच्या सामन्यात आठवी फेरी संपवून मुका कोपऱ्यात आला आणि म्हणाला, कितवी? सांगितलं, आता नववी. पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा, कितवी? शेवटी वैतागून याने ठोकून दिलं, “शेवटची. ही संपव आणि घरी चल.” अजून चार उरल्या होत्या. गडी खरं मानून गेला आणि समोरच्याला आडवा करून आला.

“गणित कच्चं, म्हणून पट्टा पक्का,” तो म्हणाला. सगळे हसले.

मुलगी हसली नाही. “काका, बाबांनी दोनदा विचारलं होतं?”

“तीनदा,” तो सवयीने म्हणाला, आणि थांबला.

“शेवटच्या वर्षी ते मला माझं नाव विचारायचे. मी सांगायचे. अर्धी पोळी खाऊन झाली की पुन्हा विचारायचे.” तिचा आवाज चढला नव्हता. “तुम्हाला तेव्हा काही वाटलं नाही?”

“त्या काळी कुणाला काय कळत होतं, बाळ,” उस्ताद मध्ये पडले.

“मला कळलं होतं,” सलूनवाला म्हणाला. “त्याची नजर माझ्यावर होती, पण तो मला ओळखत नव्हता. डॉक्टर चार पावलांवर उभे होते. हाक मारली असती तर सामना थांबला असता, पट्टा गेला असता. लोक म्हणाले असते, बघा, नशिबाचाच होता. ते मला ऐकायचं नव्हतं. त्याला काय हवं होतं ते मी विचारलंच नाही.”

मुलीने आपली खुर्ची त्याच्याकडे वळवली.

“त्या फेरीत ते कसे खेळले?”

हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. किस्सा नेहमी हशावर संपायचा. “समोरच्याने उजवा हात उचलला,” तो सावकाश सांगू लागला. “मुका मागे सरला नाही. अर्धं पाऊल आत गेला, खांदा खाली घातला आणि डाव्या हाताने बरगडीखाली एकच ठोसा दिला. वीतभर अंतरावरून. आपण कुठे आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं, पण पाय बरोबर जागी पडले होते. तसा ठोसा मी पुन्हा पाहिला नाही. त्याला नशिबाने जिंकलेला म्हणायचे ना, त्यांच्यापैकी एकालाही तो जमला नसता.”

“हे सांगायचं सोडून तुम्ही दुसरंच सांगत राहिलात.”

“हो.”

माणसं उठली. ती खुर्च्या मिटायला लागली तसा सलूनवाला पुढे झाला, एक खुर्ची त्याने उचललीही. तिने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

“राहू द्या. मी करते.”

तो भिंतीशी उभा राहिला. ती एकेक खुर्ची उचलून नेत होती, आणि निघावं की थांबावं हे त्याला उमगत नव्हतं.